नवा म्हणून दिलेला कॅमेरा: पैसे देण्याआधी नंबर जुळवा

नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आलाय. ऑक्टोबर २०२६ मध्ये ध्वजारोहण, मग २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. आमच्या फोटोवेड्या मंडळींत 'कॅमेरा बदलायचाय, कुठला घेऊ' हे सुरू झालंय, आणि मला ज्या दुकानात फसवलं तिथेही गिऱ्हाइकं वाढली आहेत असं ऐकते. म्हणून हे लिहितेय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण फसवण्याची रीत सांगायलाच हवी. ती कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात वापरता येण्यासारखी आहे.

माझ्याकडे बरीच वर्षं निकॉन डी ५३०० होता, सोबत १८-५५ आणि ५५-२०० अशा दोन लेन्स. कॅमेरा चांगलाच होता. अडचण होती ती लेन्स बदलण्याची. रंगपंचमीला शनि चौकातल्या रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदापाशी, उभं राहून लेन्स काढून बघा! चहूकडून रंगाचं पाणी उडत असतं आणि आपण सेन्सर उघडा टाकून उभे. गोदाघाटावर आरतीच्या वेळी तीच गत, फक्त पाण्याऐवजी धूर आणि धक्के. शिवाय नांदूर मधमेश्वरला उडणारे पक्षी टिपताना डी ५३०० चे ३९ फोकस पॉइंट आणि सेकंदाला ५ फ्रेम अपुऱ्या पडायला लागल्या होत्या. निकॉनच्याच डी ७५०० मध्ये ५१ पॉइंट, सेकंदाला ८ फ्रेम, बोटाखाली दोन डायल, आणि फोकसची मोटर बॉडीतच, म्हणजे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सही आपोआप फोकस होतात. मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या जातीच्या कॅमेऱ्याचा विचार केला होता, पण बॅटरीचा टिकाव पाहून आरशाच्या डीएसएलआरमध्येच राहायचं आणि डी ७५०० घ्यायचं ठरवलं.

लेन्सचं ठरवायला जास्त वेळ लागला. गळ्यात अडकवून दिवसभर हिंडायचं आणि बदलायची वेळच येऊ द्यायची नाही अशी एक लेन्स हवी होती. १८-१४० स्वस्त आणि लांब पल्ल्याची. १६-८० महाग आणि पल्ला कमी. ऐकायला १६ आणि १८ यांत दोन मिलिमीटरचाच फरक, पण १६ ला ८३ अंशांचा कोन मिळतो आणि १८ ला ७६. सराफ बाजारातल्या बोळात मागे सरकायला जागा नसते, पाठ भिंतीला टेकलेली असते, तिथे हे सात अंश फार कामाचे. दुसरं म्हणजे उजेड. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. १६-८० चं तोंड एफ २.८ ला उघडतं आणि पूर्ण झूम केलं तरी एफ ४ पर्यंत उघडं राहतं. १८-१४० झूम करत गेलं की ५.६ वर येते. दिवेलागणीला रामकुंडावर हा पूर्ण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा फरक. ५.६ वर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, १६०० ऐवजी ३२०० करावी लागते. मी १६-८० घ्यायचं पक्कं केलं. आजही कोणी विचारलं तर नाशिकमध्ये हिंडायला हीच लेन्स सांगेन. दोष लेन्सच्या जातीत नव्हता, मला दिलेल्या नगात होता.

मुंबईला फोर्टात, बोरा बाजाराकडे जाऊन घ्यावं असं काहींनी सुचवलं होतं. पण काही बिघडलं तर दर वेळी मुंबई गाठायची कशी? गावातलं दुकान बरं, असं वाटलं. दुकान मध्यवस्तीतलं, काचेच्या कपाटांचं, पाटी मोठी. काउंटरवरचा माणूस अदबीने बोलणारा.

"ताई, ओपन बॉक्स चालेल का?"

"म्हणजे वापरलेला?"

"छे छे. गिऱ्हाइकाला दाखवायला खोका उघडला, एवढंच. माल कोराच आहे. लेन्स व्हाइट बॉक्समध्ये येईल. किटमधून काढलेली असते, म्हणून सोनेरी खोका नाही. वॉरंटी कंपनीची."

यातलं अर्धं खरं असतं, म्हणूनच ते पचतं. किटमधल्या, म्हणजे कॅमेऱ्यासोबत एकाच खोक्यात येणाऱ्या लेन्स सुट्या करून साध्या पांढऱ्या खोक्यात विकण्याची पद्धत खरोखरच आहे. पण त्याच पांढऱ्या खोक्यात कुठलीही जुनी, दुरुस्त केलेली लेन्स घालता येते, कारण त्या खोक्यावर जुळवून पाहायला काही छापलेलंच नसतं.

कॅमेरा आणि लेन्सचे मिळून एक लाख अठरा हजार ठरले. जुना कॅमेरा आणि त्याच्या दोन्ही लेन्स मी बदल्यात देणार होते. फोनवर त्याचे सोळा हजार सांगितले होते. दुकानात गेल्यावर एकाने लेन्सच्या मागून झगझगीत टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, दोन्हींत फंगस आहे. सात देतो." नाशिकच्या पावसाळ्यात लेन्सला फंगस धरते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हा डाव लागू पडतो. नंतर कळलेली गोष्ट सांगते: तेवढ्या प्रखर टॉर्चसमोर कुठल्याही वापरलेल्या लेन्समध्ये काहीतरी दिसतंच. धूळ सुट्या ठिपक्यांची असते. फंगसला कोळिष्टकासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे असतात. माझ्या लेन्समध्ये ठिपके होते. पुढे त्याच दुकानाच्या जाहिरातीत एक ५५-२०० 'एकदम स्वच्छ काच' म्हणून विकायला आली. तिच्या कडेवरचा ओरखडा मी ओळखते, तो माझ्या हातून वणीच्या गडावर पडलेला आहे.

बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल घेतलं तर अठरा टक्के वर पडतील ताई." कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे हे बरोबर. २०१९ च्या आधी २८ होता. पण एमआरपी ही सगळ्या करांसह असते, तिच्यावर वेगळा कर लावता येत नाही, आणि दुकानदाराने सांगितलेल्या भावातही कर धरलेलाच असला पाहिजे. मी बिलाशिवाय घेणार नाही म्हटल्यावर तो लगेच नमला. "बरं, तुमच्यासाठी त्याच भावात. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवतो, आज सिस्टिम बंद आहे." हातात दिला तो 'एस्टिमेट' लिहिलेला कागद. साठ हजार क्यूआर कोडवर गेले, बाकीची रोकड. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर दुकानाचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. "मालकांचं खातं आहे," म्हणाला.

संध्याकाळी पीडीएफ आलं. त्यात वस्तू लिहिल्या होत्या, रक्कम लिहिली होती, सीरियल नंबर कुठेच नव्हता.

कॅमेरा हातात छान बसत होता. फोटोही येत होते. खटकलं ते काळाराम मंदिराच्या शिखराच्या फोटोत. डावीकडचा काळा पाषाण कोरून काढल्यासारखा, उजवीकडचा मात्र पुसट. एफ ८ वर ठेवून, स्टँडवर लावून पुन्हा काढला, तरी उजवी बाजू तशीच. कॅमेरा उलटा धरून काढला तेव्हा पुसटपणा डावीकडे गेला. म्हणजे दोष माझ्या हातात नव्हता, फोकसमध्येही नव्हता. काचच वाकडी बसली होती.

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात एक ज्येष्ठ काका आहेत, फिल्मच्या काळापासून कॅमेरे उघडून दुरुस्त करणारे. त्यांनी लेन्स उन्हात फिरवून पाहिली.

"अगं, ही पडलेली आहे. माउंटचे स्क्रू बघ, त्यांच्या खाचा उडाल्यात. कोणीतरी उघडून परत बसवलीये. झूमचं रबर तेवढं नवं घातलंय."

"आणि बॉडी?"

"एक जेपेग काढ, पण त्याला हात लावू नको. तसाच दे."

निकॉन प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये, म्हणजे एक्झिफमध्ये, शटर किती वेळा उडालं तो आकडा लिहून ठेवतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो असा फाइलमध्ये मिळत नाही, तिथे वेगळं सॉफ्टवेअर लागतं. काकांनी फाइल उघडली. आकडा एकतीस हजारांच्या पुढे होता. डी ७५०० चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, तेव्हा एकतीस हजार म्हणजे कॅमेरा संपला असं नव्हे. वापरलेला म्हणून, वापरलेल्याच्या भावात दिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण 'गिऱ्हाइकाला दाखवायला उघडला' म्हणून एकतीस हजार क्लिक होत नाहीत.

त्याहून वाईट पुढे निघालं. फाइलमध्ये बॉडीचा सीरियल नंबरही असतो. तो एक होता. बॉडीवर चिकटवलेला दुसरा. वॉरंटी कार्डावर तिसराच, आणि कार्डावरचा शिक्का कुठल्या दुकानाचा ते वाचता येत नव्हतं. तीन जागी तीन नंबर! निकॉनच्या ग्राहक सेवेला मेल लिहून तिन्ही कळवले, तेव्हा फाइलमधल्या नंबराचा नग भारतात विक्रीसाठी आलेलाच नव्हता असं उत्तर आलं.

मग माझ्या जावेने ते पीडीएफ बघितलं. ती व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशेब करते. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि सरकारी पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कोणालाही फुकट दिसतं. तिने टाकला. समोर कापडाच्या व्यापाऱ्याचं नाव आलं. त्या बिचाऱ्याला बहुधा पत्ताही नसेल.

दुकानात परत गेले तेव्हा तोच अदबीचा माणूस होता, अदब मात्र उरली नव्हती. "सॉफ्टवेअरचे आकडे खोटे असतात." "लेन्स तुमच्याच हातून पडली असेल." "ओपन बॉक्स सांगितलं होतं ना?" शेवटी म्हणाला, चाळीस हजार घ्या, सामान परत करा, आणि काही तक्रार नाही असं लिहून द्या. मी सही केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एवढी मोठी वस्तू घेतली होती, त्यासाठी पगारातून पैसे बाजूला टाकले होते. माझ्या सहीने त्याला पुढचं गिऱ्हाईक गाठायला मोकळं सोडायचं मला मान्य नव्हतं.

आता कॅमेरा घ्यायला जाणाऱ्यांना. पैसे देण्याआधी तिथेच काउंटरवर आपलं कार्ड घालून एक फोटो काढा आणि फाइल मोबाइलवर घेऊन नंबर आणि शटरचा आकडा बघा. खोक्यावरचा, बॉडीवरचा, वॉरंटी कार्डावरचा, फाइलमधला नंबर एकच हवा, आणि तोच बिलावर लिहून घ्या, लेन्सचा वेगळा. 'बिलात नंबर टाकायची पद्धत नाही' असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. दुकानदार खरा असेल तर त्याला दोन ओळी जास्त लिहायला काहीच जड जात नाही. नाशिकमध्ये असे दुकानदार आहेत. माझ्या मैत्रिणीला एकाने स्वतःहून लिहून दिले. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल कायद्याने लागतं. ते नसेल तर माल मागच्या दाराने आलेला समजा. लेन्स भिंतीसमोर धरून एफ ८ ला फोटो काढा, चारही कोपरे मोठे करून बघा. कोऱ्या आकाशाचा एफ १६ ला एक फोटो काढला की सेन्सरवरची घाण दिसते. जुना कॅमेरा बदल्यात देणार असाल तर तो आधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवून न्या. आणि शक्य असेल तर पैसे कार्डाने द्या. बँकेकडे तक्रार करायला एक वाट राहते, रोकडीत ती नसते.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि विकणाराच गायब असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० वर, तेही लगेच, कारण वेळेत कळलं तर रक्कम गोठवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असंही नाही. मी अर्ज स्वतः लिहिला. सोबत एस्टिमेटचा कागद, पीडीएफ, यूपीआयची पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, न बदललेल्या मूळ फाइली आणि कंपनीचं मेल जोडलं. पोलिसांतही लेखी अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे.

आयोगापुढे तारीख लागली आहे. लेन्स आणि बॉडी मी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे, वापरत नाही. तुमच्याकडे अशाच पांढऱ्या खोक्यातली लेन्स आणि नंबर नसलेलं बिल असेल, तर आजच एक फोटो काढून फाइल तपासा. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.