सरकारचा ल्यूथर की मंडळीचा? १९६७ आणि १९८३ची तुलना

मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मोठा वर्धापनदिन तोंडावर आलाय आणि सरकार म्हणतंय, 'मिळूनच करू.' हो म्हणायचं, हात जोडून नाही म्हणायचं की चूल वेगळी मांडायची? पूर्व जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपुढे हा पेच दोनदा आला: १९६७ला धर्मसुधारणेची (प्रोटेस्टंट पंथ जिच्यातून निघाला त्या चळवळीची) ४५० वर्षं भरली तेव्हा आणि १९८३ला तिचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याच्या ५००व्या जयंतीला. देश दुभंगलेला, राज्यकर्ते निरीश्वरवादी, आणि आयस्लेबेन, एरफुर्ट, आयसेनाख, विटेनबर्ग ही ल्यूथरची गावं नेमकी त्यांच्या ताब्यात. पश्चिमेच्या वाट्याला वोर्म्स, कोबुर्ग, आउग्सबुर्ग आली.

१९६७ला दोर सरकारच्या हाती राहिले. त्याच वर्षी रशियातल्या ऑक्टोबर क्रांतीची पन्नाशी आणि आयसेनाखच्या वार्टबुर्ग किल्ल्याची ९०० वर्षं, त्यामुळे धर्मसुधारणा त्या माळेतला एक मणी झाली. खरा फटका प्रवेशपरवान्यांचा बसला. पूर्व-पश्चिम मंडळ्यांची संघटना तेव्हा एकच होती (ती १९६९ला वेगळी झाली), म्हणून सरकारला प्रत्येक पश्चिमी पाहुण्याचा संशय. अनेकांना परवाना मिळालाच नाही. पाहुण्यांची यादी तुम्ही करणार आणि दार दुसरा उघडणार असेल, तर सोहळा त्या दुसऱ्याचा असतो.

१९८३ची मांडणी निराळी. मार्च १९७८ला बिशप आल्ब्रेख्ट श्योनहेर आणि पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिख होनेकर यांची भेट झाली, आणि मंडळ्यांनी सरकारच्या आधी आपली समिती नेमली. बिशप वेर्नर लाइख तिचे अध्यक्ष. सरकारी समिती जून १९८०मध्ये आली, अध्यक्ष खुद्द होनेकर. तिथे मंडळीचे प्रतिनिधी बसले ते पाहुणे म्हणून, सभासद म्हणून नाही. फरक कागदावरचा वाटतो, पण सगळं त्यावरच उभं होतं: सरकारी मसुद्याखाली मंडळीची सही लागत नव्हती. एकेकाळी ल्यूथरला 'राजेरजवाड्यांचा हुजऱ्या' म्हणणारं आणि शेतकरी उठावाचा पुढारी थोमास म्युंत्सर याला डोक्यावर घेणारं सरकार आता त्याला जर्मन जनतेचा थोर पुत्र म्हणू लागलं. म्हणू दे, उपदेश मंडळीचा वेगळाच राहिला.

सरकारकडून काय घेतलं? वास्तूंची डागडुजी, वार्टबुर्ग धरून. ते घ्यावंच, छप्पर कोणाच्या पैशाने शाकारलं हे पावसाला कळत नाही. सरकारचाही स्वार्थ होता: पश्चिमी पाहुण्याला रोज २५ पश्चिमी मार्क बदलून घ्यावे लागत, म्हणजे परकीय चलन घरबसल्या.

काय हातात ठेवलं? मेळावे. एका राष्ट्रीय मेळाव्याऐवजी सात ठिकाणी सात, 'विश्वास ठेवण्याचं धाडस करा' या एकाच घोषवाक्याखाली. ड्रेस्डेनच्या समारोपाला लाखभर माणूस जमला. एक ठिकाण अडलं तर बाकीची सहा उरतात, हा हिशेब कुठल्याही समितीने करून ठेवावा.

छपाईचंही तसंच. कागदावर छापायला परवाना लागे, कापडावर लागत नसे. म्हणून १९८०मध्ये 'तलवारींचे फाळ' हे मंडळीतल्या शांतता चळवळीचं चिन्ह (तलवारी ठोकून नांगराचे फाळ करा, या बायबलमधल्या वचनावरून) न विणलेल्या कापडावर छापून वाटलं गेलं. त्यावरचं शिल्प सोव्हिएत संघाने संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेलं, त्यामुळे बंदी घालताना सरकारची पंचाईत झाली. १९८२ला तरीही पोलिसांनी ते जाकिटांवरून उतरवायला लावलं. काही पोरांनी मग तिथे नुसतं पांढरं वर्तुळ ठेवलं.

२४ सप्टेंबर १९८३च्या संध्याकाळी विटेनबर्गला ल्यूथरच्या घराच्या अंगणात एका लोहाराने खरी तलवार भट्टीत लाल केली आणि ऐरणीवर ठोकून तिचा फाळ केला. पोलीस मध्ये पडले नाहीत. पश्चिम बर्लिनचे महापौर रिखार्ड फॉन वाइत्सेकर या मेळाव्याला आले होते आणि जयंतीकडे परदेशाचं लक्ष होतं. सरकारने स्वतःच जगाला बोलावलं होतं, तर आता हात उगारायचा कसा? १९६७च्या पद्धतीत हे अंगणच मंडळीचं राहिलं नसतं.

आमचं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं, पण ती फुकट नाही. दोन समित्या म्हणजे बैठका दुप्पट आणि एकाच तारखेवर दोघांचा दावा. शिवाय बिशप सरकारच्या फार जवळ गेले, अशी कुरकुर मंडळीतल्याच तरुणांची. तिला उत्तर एकच: सरकारशी झालेलं प्रत्येक बोलणं त्याच आठवड्यात मंडळीपुढे वाचून दाखवायचं. आणि आपली समिती सरकारच्या आधी जाहीर करणं जमणार नसेल, तर एकत्र मंचाला सरळ नाही म्हणून चर्चमधली उपासना तेवढी करावी.