काउंटी जेलमधून कोण सुटलं, हे कळवणाऱ्या सेवा: वापरून झालेलं मत

मी कॅलिफोर्नियात राहते आणि संध्याकाळी दक्षिण आशियाई बायकांच्या एका हेल्पलाइनवर मराठी-हिंदी फोन घेते. मारहाणीच्या तक्रारीवरून नवऱ्याला पोलीस घेऊन गेले, की बाईच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो: तो बाहेर आलाय का? या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या बऱ्याच सेवा इथे आहेत. काही सरकारी आणि फुकट, काही खासगी आणि महाग. मी या सगळ्या फोनवरच्या बाईबरोबर बसून वापरल्या आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. शेरीफच्या (म्हणजे काउंटीच्या, आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, पोलीस प्रमुखाच्या) साइटवर शोधा, ‘व्हाइन’ या सुटकेची सूचना देणाऱ्या फुकट सेवेत नाव नोंदवा, जेलला फोन करा, आणि पैसे मागणाऱ्या साइटपासून लांब राहा.

पण त्याआधी माणूस कुठल्या तुरुंगात आहे, ते नक्की करा. इथे जेल आणि प्रिझन या दोन वेगळ्या जागा आहेत. अटक झालेला माणूस पहिल्यांदा काउंटीच्या जेलमध्ये जातो आणि ते जेल बहुतेक ठिकाणी काउंटीचा शेरीफ चालवतो. खटला सुरू व्हायची वाट बघणारे आणि छोट्या शिक्षेचे लोक तिथे असतात. मोठी शिक्षा झाली तर राज्याचं प्रिझन, आणि संघराज्याचा गुन्हा असेल तर फेडरल प्रिझन. फेडरल प्रिझनची यादी वेगळी आहे आणि ती 1982 पासूनच्या कैद्यांची माहिती देते. काल रात्री अटक झालेला माणूस तिथे शोधून काही मिळणार नाही, आणि घाबरलेली माणसं नेमकी तिथेच शोधत बसतात.

आता शेरीफची साइट. बहुतेक मोठ्या काउंट्यांच्या साइटवर ‘इन्मेट लोकेटर’ असतो. नाव टाकलं की बुकिंग नंबर (जेलमध्ये आणल्यावर होणाऱ्या नोंदणीचा क्रमांक), आरोपांची कलमं, जामिनाची रक्कम आणि कोर्टाची पुढची तारीख दिसते. माणूस आत असेपर्यंत ही सोय उत्तम आहे. खरी अडचण तो सुटल्यावर येते. मी ज्या काउंटीची साइट सगळ्यात जास्त वापरते, तिथे सुटलेल्या माणसाचं नाव यादीतून सरळ नाहीसं होतं. कधी सुटला, कसा सुटला, काहीच उरत नाही. ‘नाव सापडलं नाही’ एवढी एक ओळ येते. पण नाव न सापडण्याची कारणं कितीतरी असू शकतात: तो सुटला असेल, दुसऱ्या काउंटीत हलवला असेल, स्पेलिंग चुकलं असेल, किंवा बुकिंग अजून पूर्णच झालं नसेल. त्या बाईला आज रात्री मुलांना घेऊन घरी झोपायचं की मैत्रिणीकडे जायचं, हे त्या एका ओळीवरून ठरवावं लागतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण ही माहिती गुप्त नाही. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यात अटकेबद्दल काय काय सांगायचं याची यादीच आहे, आणि त्यात सुटकेची वेळ आणि सुटकेचा प्रकार स्पष्टपणे येतो. चालू तपासाला किंवा कुणाच्या सुरक्षिततेला धोका असेल तर काही गोष्टी राखून ठेवता येतात, पण एरवी ती मागण्याचा हक्क कुणालाही आहे. काही काउंट्या सुटकेची तारीख साइटवर दाखवतातही. म्हणजे हे करता येण्यासारखं आहे.

नाव शोधताना आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या एकाच रकान्यात असतं. जेलमध्ये बुकिंग करणारा ती दोन्ही नावं जोडून लिहू शकतो, किंवा वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून टाकू शकतो. म्हणून आधी फक्त आडनाव आणि पहिल्या नावाची एक-दोन अक्षरं टाकून बघा. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं असतं, आणि माणूस जेलच्या यादीतही त्याच नावाने सापडू शकतो. जन्मतारीख महिना आधी, दिवस नंतर अशी टाकायची. एकदा सापडला की बुकिंग नंबर लगेच कागदावर लिहून घ्या. नंतरच्या प्रत्येक फोनमध्ये तो लागतो.

‘व्हाइन’बद्दल मात्र मी भरभरून बोलेन. डिसेंबर 1993 मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये मेरी बायरन या मुलीला तिच्या पूर्वीच्या मित्राने गोळ्या घालून मारलं. त्या दिवशी ती 21 वर्षांची झाली होती. तिच्यावर आधी केलेल्या अत्याचारासाठी तो तुरुंगात होता. तो जामिनावर सुटला आणि तिला कुणी कळवलं नाही. त्यानंतर 1994 मध्ये तिथल्या जेफरसन काउंटीत ही सूचना देणारी यंत्रणा सुरू झाली आणि तिथून देशभर पसरली. आज ती चालवणारी कंपनी इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या मालकीची आहे, पण नाव नोंदवणाऱ्याला एक पैसाही लागत नाही. ‘व्हाइनलिंक’च्या साइटवर राज्य निवडायचं, नाव शोधायचं आणि फोन, ईमेल किंवा मेसेजसाठी नोंदणी करायची. माणसाची कोठडीतली स्थिती बदलली की सूचना येते. फोनसाठी चार आकडी पिन ठरवावा लागतो आणि सूचनेचा कॉल आला की तो टाकावा लागतो. तो टाकला नाही तर कॉल पुन्हा येत राहतो. बायकांना आधी याचा वैताग वाटतो. मला ती या सेवेतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते, कारण मशीनवर ठेवलेला निरोप ऐकायचा राहून जातो. आणि नोंदणी कुणी केली, हे आत असलेल्या माणसाला कळत नाही. प्रत्येक बाई हे दोनदा विचारते, म्हणून इथेही लिहून ठेवते.

या सेवेच्याही मर्यादा आहेत. प्रत्येक जेल तिला जोडलेलं नाही. शिवाय माहिती जेलच्या संगणकातून येते, तिथे नोंद उशिरा झाली तर सूचनाही उशिरा येते. म्हणून एकट्या ‘व्हाइन’च्या भरवशावर राहू नका. आणि फोन नंबर देताना विचार करा. आपल्याकडे घरभर एकच फॅमिली प्लॅन असतो, तो बहुतेक नवऱ्याच्या नावावर असतो आणि कॉलची यादी त्याला दिसते. विश्वासातल्या बहिणीचा किंवा मैत्रिणीचा नंबर द्या. शोधाशोध लायब्ररीतल्या संगणकावर करा.

जेलला सरळ फोन करणं लोकांना जुनाट वाटतं, पण मला नेमकं उत्तर सगळ्यात जास्त वेळा तिथेच मिळालंय. वाट बघावी लागते, बटणं दाबत बसावं लागतं. एकदा जेलचा कर्मचारी फोनवर आला, की बुकिंग नंबर सांगा आणि दोन प्रश्न विचारा: कधी सुटला, आणि कशावर सुटला. दुसरा प्रश्न विसरू नका. जामीन भरून सुटला, कोर्टाने स्वतःच्या हमीवर सोडला, शिक्षा भोगून झाली, की दुसऱ्या यंत्रणेच्या ताब्यात दिला, या चारही गोष्टींचा बाईच्या पुढच्या दिवसांवर वेगवेगळा परिणाम होतो. इथे जामिनाची पूर्ण रक्कम खिशात असावी लागत नाही. बेल बॉन्डवाल्याला साधारण दहा टक्के दिले की तो हमी देतो, म्हणून रात्री अटक झालेला माणूस कोर्टासमोर उभा राहण्याआधीच घरी येऊ शकतो. व्हिसावर असलेल्या माणसाला इमिग्रेशन खात्याने घेतलं असेल तर त्या खात्याची, म्हणजे आयसीईची, ऑनलाइन शोधयादी वेगळी आहे. तिथे ए-नंबर (इमिग्रेशनच्या कागदांवरचा त्या माणसाचा क्रमांक) आणि जन्माचा देश, किंवा नाव आणि जन्माचा देश टाकावा लागतो, आणि स्पेलिंग अगदी तंतोतंत हवं.

फोन लागेपर्यंत सुटकेच्या बातमीवर सगळं अडवून ठेवू नका, हेही मी सांगते. कॅलिफोर्नियात पोलीस न्यायाधीशाला फोन करून तातडीचा संरक्षण आदेश मिळवू शकतात. तो पाच कोर्ट-दिवस किंवा सात दिवस, यांतलं जे आधी संपेल तोपर्यंत चालतो आणि माणूस आत असो की बाहेर, लागू असतो. तेवढ्या वेळात कोर्टात जाऊन पुढचा आदेश मागता येतो. शिवाय 2008 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या मार्सीज लॉ या पीडितांच्या हक्कांच्या कायद्यानुसार, पीडित व्यक्तीने मागणी केली तर आरोपीच्या सुटकेची माहिती मिळणं हा तिचा घटनात्मक हक्क आहे. जिल्हा वकिलाच्या (खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाच्या) कार्यालयातल्या पीडित-साहाय्य विभागाला हे लेखी कळवून ठेवा.

आता पैसे घेणाऱ्या साइट. गुगलवर नाव आणि ‘जेल रिलीज’ टाकलं की सरकारी साइटच्या आधी या जाहिराती येतात. पडद्यावर पट्टी सरकत राहते, ‘गंभीर नोंदी सापडल्या’ असं लाल अक्षरात येतं, आणि मग कार्डचा नंबर मागतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईने घरखर्चातून वाचवलेले डॉलर भरले. अहवालात नवऱ्याचे जुने पत्ते आणि नातेवाइकांची नावं होती, सुटकेबद्दल काहीही नव्हतं. वर दर महिन्याला कार्डातून पैसे कापले जाऊ लागले. या धंद्यातल्या दोन मोठ्या कंपन्यांवर, ट्रुथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेटवर, फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं रक्षण करणाऱ्या केंद्रीय संस्थेने केलेली कारवाई 2023 मध्ये 58 लाख डॉलरच्या दंडावर मिटली. गुन्हेगारी नोंद सापडल्याचं सांगून आत फक्त ट्रॅफिकचं तिकीट निघायचं, असाही त्यातला एक आक्षेप होता. आजच्या रात्रीची सुटका कळण्यासाठी या साइटचा उपयोग नाही, कारण त्या जुन्या गोळा केलेल्या माहितीवर चालतात.

ही शोधाशोध दुसऱ्या बाजूनेही बघायला हवी. जेलची नोंद म्हणजे अटकेची नोंद, गुन्हा सिद्ध झाल्याची नव्हे. कॅलिफोर्नियात पुरेसा आधार नाही म्हणून पोलिसांनीच आरोप न ठेवता सोडलं, तर कायदा त्या घटनेला अटकही मानत नाही, फक्त ताब्यात घेणं मानतो. पण जेलमध्ये काढलेला त्याचा फोटो तोवर कुठल्या तरी साइटवर गेलेला असतो. फोटो काढून टाकायला पैसे मागणं इथे 2015 पासून बेकायदा आहे, आणि 2018 मध्ये अशा एका साइटच्या मालकांवर राज्याने खंडणीचे आरोप ठेवले. म्हणून कुणी भाडेकरूची किंवा मुलाच्या होणाऱ्या सासरची चौकशी करायला या याद्या कशा वापरायच्या असं विचारलं, तर मी मदत करत नाही. घर किंवा नोकरी देताना पार्श्वभूमी तपासायची असेल तर त्यासाठी 1970 चा क्रेडिट रिपोर्टिंगचा कायदा आहे. त्यात त्या माणसाला कळवावं लागतं, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायची संधी त्याला मिळते.

आमच्या काउंटीचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या सुपरवायझरांच्या मंडळाला मी लेखी मागणी पाठवली आहे. सुटलेल्या माणसाचं नाव निदान तीस दिवस यादीत राहू द्या, त्यापुढे सुटकेची तारीख, वेळ आणि प्रकार लिहा, आणि मुदत संपली की ते पूर्ण पुसून टाका, म्हणजे त्याच्याही आयुष्याला ते चिकटून राहणार नाही. मंडळाच्या बैठकीत कुणालाही बोलता येतं. तुमच्या काउंटीच्या यादीतही नावं अशीच गायब होत असतील, तर तुमच्या सुपरवायझरच्या कार्यालयाला हीच मागणी पाठवा.