टंगस्टन हेवी अलॉय: बंधक वितळवायचा की घन अवस्थेतच सिंटरिंग करायचं?

टंगस्टन हेवी अलॉय म्हणजे टंगस्टनचे कण आणि त्यांना जोडणारा निकेल-लोहाचा बंधक; पावडर दाबून भट्टीत तापवून दाट तुकडा करणं म्हणजे सिंटरिंग. त्यासाठी नेहमीची ३ ते ५ मायक्रॉनची टंगस्टन पावडर घ्यावी की मायक्रॉनच्या आतली? प्रश्न पावडरचा वाटतो, पण ठरतो भट्टीच्या तापमानावर. निकेल आणि लोह ७:३ प्रमाणात असतील तर साधारण १४६० अंश सेल्सिअसच्या आसपास बंधक वितळू लागतो. या रेषेच्या वर जायचं की खाली राहायचं, ते आधी ठरवा.

वर गेलात, म्हणजे १४७० ते १५०० अंशांना अर्धा तास ठेवलंत, तर टंगस्टन द्रवात विरघळतो आणि मोठ्या कणांवर पुन्हा जमतो. घनता जवळपास पूर्ण मिळते, पण बारीक पावडरचा खर्च इथेच वाया जातो. कणाच्या शेवटच्या व्यासाचा घन (तिसरा घात) म्हणजे सुरुवातीच्या व्यासाचा घन अधिक वेळेच्या प्रमाणातली भर. समजा शेवटी कण ३० मायक्रॉनचा झाला, तर घन २७,०००. त्यात ४ मायक्रॉनच्या पावडरचा वाटा ६४, अर्ध्या मायक्रॉनचा ०.१२५. तयार तुकड्यात हा फरक शोधूनही सापडणार नाही.

खाली, १३०० ते १४०० अंशांत, बारीक पावडर खरोखर कामाला येते. द्रव नसतानाही तुकडा दाट होतो, कण काही मायक्रॉनवर थांबतो, कडकपणा वाढतो आणि तुकडा स्वतःच्या वजनाने बसत नाही. ९० टक्क्यांपेक्षा कमी टंगस्टन असेल तर हा फायदा मोठा आहे, कारण द्रव अवस्थेत अशा तुकड्यांचं बूड पसरतं. किंमत मोजावी लागते ती लवचिकतेची. टंगस्टन कण एकमेकांना थेट चिकटलेले राहतात आणि तडा त्याच जोडांतून धावतो. एएसटीएम बी७७७ या टंगस्टन मिश्रधातूंच्या अमेरिकी मानकातल्या ९० टक्क्यांच्या वर्गाला किमान ७५८ मेगापास्कल ताणबळ आणि ५ टक्के लांबण लागते. द्रव मार्गाने बनवून नीट अनील केलेला (नंतर पुन्हा तापवलेला) माल ती सहज ओलांडतो. विमानाची प्रतिभारं, किरणोत्सर्गाची ढाल, धक्का सोसणारे भाग यांसाठी आमची शिफारस सरळ आहे: नेहमीची पावडर, द्रव मार्ग.

बारीक पावडरचा खरा शत्रू ऑक्सिजन. पृष्ठभाग जास्त म्हणून ऑक्साइड जास्त. छिद्रं बंद होण्याआधी तो गेला नाही, तर हायड्रोजनशी होणाऱ्या क्रियेतली पाण्याची वाफ आत अडकते आणि तुकड्यावर फोड येतात. म्हणून कोरड्या हायड्रोजनमध्ये ८०० ते १००० अंशांवर एक-दोन तास थांबा, तापमान मिनिटाला ५ अंशांच्या आसपासच चढवा आणि जाड तुकड्याला जास्त वेळ द्या. द्रव मार्गात वरच्या तापमानाला हायड्रोजन ओला करतात आणि शेवटची काही मिनिटं आर्गन सोडतात. तरी धातूत हायड्रोजन उरतोच आणि त्याने माल ठिसूळ होतो. तो काढायला निर्वातात १००० ते ११०० अंशांचं अनीलिंग करा, मग झटपट थंड करा. सावकाश थंड केल्यास फॉस्फरस आणि गंधक कणांच्या सीमेवर जमतात.

पावडर दळताना पोलादी गोळे वापरू नका. त्यांची झीज लोह वाढवते, ७:३ बिघडतं आणि ठिसूळ आंतरधातू (धातूंची आपसातली संयुगं) तयार होतात. फार बारीक पावडर उघड्या हवेत पेटू शकते, हेही लक्षात ठेवा.

साच्याचं माप पावडर बदलली की बदलतं. दाबलेल्या तुकड्याची घनता पूर्ण घनतेच्या ६० टक्के असेल तर तो प्रत्येक दिशेला सुमारे १६ टक्के आकसतो; बारीक पावडर दाबायला हट्टी, ती ५० टक्क्यांवर अडली तर जवळपास २१ टक्के. जुन्या साच्यात नवी पावडर भरली की तुकडा मापाखाली जातो.

स्पार्क प्लाझ्मा यंत्र, म्हणजे पावडर साच्यात दाबून विजेच्या प्रवाहाने तापवणारं यंत्र, काही मिनिटांत, बऱ्याच कमी तापमानाला सिंटरिंग करतं. पण ग्राफाइटच्या साच्यातून कार्बन पृष्ठभागात शिरतो, तो थर घासून काढावा लागतो, आणि सोप्या चकत्यांपलीकडचे आकार अवघड जातात.