ऑटोकॅड हातात बसलंय, आता जीआयएस शिकायचंय: मॅप थ्रीडी, क्यूजीआयएस की आर्कजीआयएस प्रो?

बरीच वर्षं ऑटोकॅडवर घालवल्यावर मला वाटलं होतं की जीआयएस (नकाशा आणि त्यामागची माहिती एकत्र सांभाळणारी प्रणाली) म्हणजे काय, नकाशाच काढायचाय ना, आठवड्यात जमेल. पहिल्याच दिवशी एका रस्त्याला १० मीटरचा बफर (भोवतीचा पट्टा) मारला आणि स्क्रीनभर एक भलामोठा गोळा आला, कारण लेयर ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत होता, म्हणजे युनिट डिग्री, आणि माझे १० म्हणजे १० अंश, साधारण अकराशे किलोमीटर! कॅडमध्ये युनिट आपण मनात धरतो, इथे ते लेयरला चिकटलेलं असतं, आणि तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये कॅडवाल्याला खरा त्रास याचाच होतो, टूल्सचा नाही.

मॅप थ्रीडी सगळ्यात सोपं वाटेल, कारण ते ऑटोकॅडच आहे, तीच कमांड लाइन, तेच स्नॅप, आणि विंडोजवरच्या ऑटोकॅडच्या सबस्क्रिप्शनमध्ये ते टूलसेट म्हणून येतं. मॅपक्लीन कमांड तर लाजवाब, लटकलेली टोकं, डबल लाइनी एका झटक्यात साफ. पण याच्यात राहिलात तर विचार ड्रॉइंगचाच राहतो, आणि जीआयएसच्या कामासाठी विचारणारे लोक सहसा याचं नाव घेत नाहीत.

क्यूजीआयएस फुकट, २००२ पासून चालू असलेलं ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही चालतं. कॅडची डीएक्सएफ फाइल ओढून टाकली की पहिला धक्का बसतो: तुम्ही नीट लावलेले लेयर गायब, त्याऐवजी पॉइंट वेगळे, लाइन वेगळ्या, आणि तुमच्या लेयरचं नाव टेबलमधला एक कॉलम होऊन बसलेलं. मी चिडलो होतो, पण इथेच गोम आहे. कॅडमध्ये लेयर म्हणजे ड्रॉवर, त्यात रेषा, टेक्स्ट, ब्लॉक काहीही कोंबा. इथे एका लेयरमध्ये एकच प्रकार, आणि प्रत्येक रेषेमागे टेबलची एक ओळ. प्लॉट नंबर टेक्स्ट म्हणून लिहायचा नाही, कॉलममध्ये भरायचा, लेबल आपोआप येतं. आणि हो, बंद पॉलीलाइन आपोआप पॉलिगॉन होत नाही, ती 'लाइन्स टू पॉलिगॉन्स' मधून काढून घ्यावी लागते. अंतर-कोन टाकून काढायची सवय असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड डिजिटायझिंग पॅनल उघडा, डी दाबून अंतर, ए दाबून कोन, हात लगेच ओळखतो. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) इंपोर्ट मात्र कधीकधी रुसतं, सरळ डीएक्सएफ करून आणा.

आर्कजीआयएस प्रो २०१५ चं, फक्त विंडोज, लायसन्स महाग. डीडब्ल्यूजी थेट वाचतं, ऑफिसात आधीपासून जिओडेटाबेस (आर्कजीआयएसचा स्वतःचा डेटाबेस) असेल तर तेच सोयीचं, आणि टोपोलॉजीचे नियम (प्लॉट एकमेकांवर चढू नयेत, मध्ये फट राहू नये असे) लावून चुका शोधायच्या असतील तर ते जास्त पक्कं वाटतं, फक्त त्यासाठी वरच्या लेव्हलचं लायसन्स लागतं. कुणी आर्कमॅपचा (आर्कजीआयएस प्रोच्या आधीच्या सॉफ्टवेअरचा) जुना कोर्स गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा, त्याचा सपोर्ट संपवायची तारीखच १ मार्च २०२६ ठरवलेली.

माझं मत विचाराल तर क्यूजीआयएसने सुरुवात करा, टेबल आणि प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) डोक्यात बसलं की आर्कजीआयएसला वेळ लागत नाही, बटणं फक्त वेगळ्या जागी असतात. नोकरीच्या जाहिरातीत आर्कजीआयएस स्पष्ट लिहिलं असेल तरच उलटं करा. मॅप थ्रीडी आधीच मशीनवर असेल तर साफसफाईला ठेवा, शिकायला वेगळा वेळ नको.

कॅड मात्र काढून टाकू नका. यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये, झोनच्या मधल्या रेषेवर स्केल ०.९९९६ असतो, म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर ग्रिडवर ९९९.६ मीटर दिसतो. नकाशाला ४० सेंटीमीटरने काही बिघडत नाही, साइटवर लाइनआउट (जमिनीवरची आखणी) देताना चांगलंच बिघडतं, म्हणून ते मी अजून कॅडमधूनच काढतो.