पिसं झडायला लागली की: सोयाढेप द्यावी की सुकट?

श्रावण लागला की आमच्या परसात उशी फाटल्यासारखं होतं. सहा खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकमाद्या, एकीमागून एक पिसं टाकतात आणि अंडी बंद. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे नुसत्या कणी-कोंड्यावर या दिवसांत भागत नाही, हे बदकं पाळणाऱ्याला सांगायला नको. वरचं प्रथिन कशातून द्यायचं, एवढाच प्रश्न. मी एक मोसम सोयाढेप दिली, एक मोसम सुकट.

कागदावर ढेप जिंकते. विदर्भात सोयाबीनला तोटा नाही, ढेप पशुखाद्याच्या कुठल्याही दुकानात मिळते, प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास, वास नाही. (घरचं कच्चं सोयाबीन दळून मात्र घालू नका, ते पचत नाही.) सुकट किलोमागे ढेपेच्या कितीतरी पट महाग. मात्र पिसाला गंधकवाली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) लागतात. त्यातलं मेथिओनिन सोयात कमी आणि मासळीत भरपूर असतं, तेव्हा सुकट थोडी घातली तरी चालते.

पण खरं सांगू का, माझा निर्णय मेथिओनिनने नाही, टाकीने केला.

बदक कोरडं गिळत नाही. एक घास, एक बुडी. माझ्याकडे बुडीसाठी जुन्या कूलरची टाकी आहे. ढेपेचा भुगा चोचीच्या कडांना लगद्यासारखा चिकटतो आणि बाई तो टाकीत धुतात. अर्ध्या तासात टाकीत पिठलं! भादव्यातल्या उकाड्यात दुपारपर्यंत त्याला आंबूस वास येतो, वर बुडबुडे येतात, आणि त्याच पाण्यात त्या अंग धुतात, पाठीवर नव्या पिसांचे निळसर नळ्यांसारखे कोंब घेऊन. खाण्याचं भांडं पार पेरूच्या झाडाखाली नेऊन पाहिलं. चोच भरून तुरुतुरु टाकीकडेच! दिवसातून तीनदा टाकी उपसून तळाचा गाळ खरवडायचो. सौ. म्हणे, बदकं पाळलीत की टाकी?

शिवाय ओल्या हवेत उघडं पोतं गोळा धरतं. बुरशीचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षाही लवकर बाधतं, म्हणून अर्धं पोतं फेकलं. स्वस्ताई तिथेच संपली.

सुकटीचं तसं नाही. अख्खा दाणा, गिळला की संपला. रात्री भिजवायची, खारट पाणी फेकायचं, सकाळी सहा जणींत मिळून दोन मुठी कणीवर टाकायच्या. पाण्याचा तळ संध्याकाळपर्यंत दिसतो. त्या वर्षी दसऱ्याच्या आत पाठी भरल्या. पाऊसही लवकर ओसरला होता, तेव्हा सगळं श्रेय सुकटीला द्यावं असं मी म्हणणार नाही. पण पिसांवरची ती तुकतुकी ढेपेच्या वर्षी मला दिसली नव्हती.

आता तिचा उपद्रव. वास येतो, आणि शेजारची मांजर भिंतीवर ठाण मांडते. त्यात पिसं झडतात नेमकी श्रावणात! घरात वशट चालत नाही, म्हणून माझं भिजवणं मागच्या न्हाणीजवळ, फुटक्या मगात. तुमच्याकडे शेततळं असेल, बदकं तीस-चाळीस असतील, तर ढेपच परवडेल, तिथे पाणी खराब व्हायची चिंता नाही. परसात चार-सहाच असतील आणि पाणी बादलीने भरायचं असेल, तर मी सुकटीकडे झुकेन.

दोन्हींत एक सारखं: या दिवसांत बदक उचलू नका. कोंबात रक्त असतं, दाबलं की त्यांना दुखतं.

सुकट आखाडातच भोईपुऱ्यातून आणून ठेवा. डब्याचं झाकण फिरकीचं घ्या, दाबून बसवायचं मांजरीने आमच्याकडे दोनदा उघडलं आहे.