शेवटच्या रांगेपर्यंत काय पोहोचते : मुंबईच्या नाट्यगृहांतला एक आठवडा

नाटकाचे परीक्षण वृत्तपत्रांत नेमाने छापून येते, परंतु ज्या वास्तूत बसून आपण ते नाटक पाहतो तिच्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. तिकिटाचे पैसे मोजणारा प्रेक्षक नाटकाइतकाच नाट्यगृहाचाही ग्राहक असतो. त्याला खुर्चीतून रंगमंच पूर्ण दिसतो का, नटाचा आवाज नटाकडूनच येतो की बाजूच्या स्पीकरमधून, मध्यंतरात चहा वेळेत हाती पडतो का आणि प्रयोग सुटल्यावर घरी जायला गाडी मिळते का, हे प्रश्न कथानकापेक्षा कमी महत्त्वाचे नाहीत. गेल्या आठवड्यात सुट्टी घेऊन मी मुंबईतल्या निरनिराळ्या नाट्यगृहांत प्रयोग पाहिले. हे परीक्षण त्या प्रयोगांचे नसून त्या जागांचे आहे आणि त्यात माझी पहिली कसोटी आवाजाची आहे. मराठी रंगभूमीने आवाजाच्या फेकीला नेहमीच मोठा मान दिला, आणि ती फेक जिथे शेवटच्या रांगेपर्यंत जशीच्या तशी पोहोचते तेच माझ्या मते चांगले नाट्यगृह.

सोमवारी पृथ्वी थिएटर बंद असते, त्यामुळे सुरुवात मंगळवारी झाली. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ १९७८ मध्ये जुहूला उभारलेल्या या जागेत सुमारे २०० प्रेक्षक बसतात. रंगमंच पुढे आलेला, त्याच्या तिन्ही बाजूंना चढत्या पायऱ्यांवर प्रेक्षक आणि समोर पडदा नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय पसरले तर ते रंगमंचावरच जातील, इतकी ही जवळीक आहे. मी मुद्दाम सर्वांत वरच्या रांगेत बसले. हिंदी नाटक होते. दुसऱ्या प्रवेशात एक स्त्री वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता नवऱ्याशी बोलत असते, आणि बोलणे जसजसे अवघड होत जाते तसतसा तिचा आवाज खाली येतो. शेवटची दोन वाक्ये ती जवळजवळ पुटपुटली. ती मला स्पष्ट ऐकू आली, आणि त्यांच्या मध्ये तिने चादर झटकली तो आवाजही ऐकू आला. माईकचा कोठेही वापर नव्हता. एवढ्या बारीक आवाजात अभिनय करण्याची मुभा ही जागा नटाला देते, आणि म्हणूनच अनेक कलावंत मोठी नाट्यगृहे सोडून येथे प्रयोग करायला उत्सुक असतात.

पृथ्वीला जाणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आसनांना क्रमांक नसतात, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचून रांगेत उभे राहावे आणि आत शिरल्यावर मधला भाग गाठावा. अगदी कडेला बसल्यास दिग्दर्शकाने काळजी घेतली नसेल तर बराच वेळ नटाची पाठच पाहावी लागते. दुसरे असे की दार बंद झाल्यावर उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. या शिस्तीबद्दल तक्रार करणारे मला भेटले आहेत; मला मात्र ती सर्व नाट्यगृहांत हवी असे ठामपणे वाटते. पहिल्या प्रवेशात मोबाइलच्या उजेडात खुर्ची शोधणारी माणसे नाटकाचे जे नुकसान करतात, ते पुढच्या दोन तासांत भरून येत नाही. बाहेरचा कॅफे आणि नाटकांच्या पुस्तकांची छोटी विक्री यांमुळे वाट पाहण्याचा वेळ चांगला जातो. रात्री ९ चा प्रयोग सुटल्यावर मध्य रेल्वेच्या प्रेक्षकाने दादरचा वळसा घेण्याऐवजी रिक्षाने अंधेरी गाठून घाटकोपरची मेट्रो धरावी.

गुरुवारी नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या कलासंस्थेच्या) टाटा थिएटरमध्ये मराठी नाटक होते. जे. आर. डी. टाटा आणि डॉ. जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे हे प्रेक्षागृह १९८० मध्ये खुले झाले. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. सुमारे हजार आसनांची ही पंख्याच्या आकाराची जागा आहे आणि तिची आखणीच मुळी ध्वनिवर्धकाशिवाय गाणे, वादन व संवाद ऐकता यावेत अशा हेतूने झालेली आहे. खुर्च्या ऐसपैस आहेत, समोरच्याचे डोके आड येत नाही, आणि वेळापत्रक काटेकोर पाळले जाते.

इतके असूनही त्या प्रयोगात सर्व नटांना कॉलर माईक, म्हणजे कपड्याला अडकवायचे छोटे माईक, लावलेले होते. हा दोष नाट्यगृहाचा नाही, तो त्या निर्मितीसंस्थेचा निर्णय होता; परंतु त्याचा परिणाम सांगितलाच पाहिजे. कॉलर माईक लावला की रंगमंचाच्या डाव्या टोकाला उभा असलेला बाप आणि उजव्या दारातून आत येणारी मुलगी या दोघांचेही आवाज एकाच ठिकाणाहून, म्हणजे स्पीकरमधून, कानावर येतात. कोण बोलते आहे हे ओठ पाहून ठरवावे लागते. पाठमोरा नट, विंगेतून येणारी हाक, दूरची कुजबुज यांतला फरक उरत नाही आणि सारे काही एकाच अंतरावरून ऐकू येते. शिवाय आलिंगनाच्या क्षणी माईक कपड्याला घासून जो खरखराट होतो त्याने प्रसंगाचा चुराडा होतो, आणि त्या दिवशी तो ऐन शेवटच्या प्रवेशात झाला. मोठ्या, निकृष्ट ध्वनियोजनेच्या सभागृहांत दौरे करणाऱ्या संस्थांना माईक लागतात हे मला मान्य आहे. पण ज्या वास्तूत केवळ मानवी आवाजासाठी एवढा विचार झाला आहे, तेथे तरी तालमीचा एक तास जास्त घेऊन ते काढून ठेवायला हरकत नव्हती. कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून येथे पोहोचणे सोपे झाले आहे, कारण विधान भवन स्थानकापासून एनसीपीए चालण्याच्या अंतरावर आहे.

शुक्रवारी चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये नाट्यसंगीताची मैफल ऐकली. ही वास्तू १९११ ची. अनेक वर्षे बंद राहून जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ येथे गायले आहेत. गॅलरीत बसूनही शब्द सुटा ऐकू आला. उंच माणसाला गॅलरीतल्या रांगांमध्ये गुडघे अवघडून बसावे लागेल, एवढे फक्त सांगून ठेवते.

शनिवारचा प्रयोग उपनगरातल्या एका सार्वजनिक नाट्यगृहात होता. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तेथे जे अनुभवले ते कमीअधिक प्रमाणात राज्यातल्या अनेक नाट्यगृहांत अनुभवास येते. वातानुकूलन पहिल्या अंकात बंद पडले आणि दुसऱ्या अंकात इतक्या मोठ्या घरघरीसह सुरू झाले की आवाज चढवण्यावाचून नटांना गत्यंतर राहिले नाही. एका ज्येष्ठ अभिनेत्रीने एक हळुवार स्वगत अक्षरशः ओरडून म्हटले. मध्यंतरात स्त्रियांच्या स्वच्छतागृहासमोर इतकी मोठी रांग होती की माझ्यासह अनेक जणी तिसरी घंटा झाल्यानंतर आत आल्या, आणि त्यामुळे आम्हीच इतरांना व्यत्यय आणला. प्रेक्षकांत साठी ओलांडलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असते हे नाट्यव्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे; मग स्वच्छतागृहांची संख्या ठरवताना त्यांचा विचार का होत नाही? पहिल्या काही रांगांचे तिकीट आज ५०० रुपयांच्या घरात गेलेले आहे. तेवढे पैसे देणाऱ्या प्रेक्षकाला निदान शांत यंत्रणा आणि स्वच्छ पाणी मिळायलाच हवे.

रविवार दादरसाठी राखून ठेवला होता. दुपारी ४ चा प्रयोग श्री शिवाजी मंदिरात. प्लाझा सिनेमाजवळची ही वास्तू १९६५ पासून मराठी व्यावसायिक रंगभूमीचे हक्काचे घर आहे, आणि नाटकाला येथे जो प्रेक्षक मिळतो तसा शहरात इतरत्र मिळत नाही. तिकिटे ॲपवरून घेता येतात, तरी मी आवर्जून बुकिंगच्या खिडकीवर गेले. समोर प्लॅन पसरलेला, त्यावर विकल्या गेलेल्या खुर्च्यांवर फुल्या मारलेल्या. माझ्या पुढच्या आजोबांनी विचारले, "अहो, मधली जागा द्या, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं." खिडकीतल्या गृहस्थांनी क्षणभर प्लॅन पाहिला आणि म्हणाले, "मग मधली कशाला, काका? डावीकडची कडेची घ्या, उजवा कान स्टेजकडे राहील." ही सेवा कोणतेही ॲप देऊ शकणार नाही. खिडकीवरची विक्री बंद करण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी एकदा तेथे उभे राहून हे पाहावे.

प्रेक्षागृह वरच्या मजल्यावर असल्यामुळे वयस्कर प्रेक्षकांनी घाई न करता लवकर यावे. आत मात्र सर्व त्रास विसरायला होतो. मी बाल्कनीत होते. हा प्रेक्षक विनोदाला नटाच्या आधी अर्धा क्षण हसत नाही आणि नंतरही रेंगाळत नाही. वाक्य पूर्ण होऊ देतो. अनुभवी नट या हशाची जागा ओळखून थांबतो आणि तो ओसरण्याच्या बेतात असताना पुढचे वाक्य टाकतो. ही देवाणघेवाण पाहण्यासाठी बाल्कनीसारखी जागा नाही, कारण तेथून नट आणि प्रेक्षक दोन्ही दिसतात. मध्यंतरातला बटाटावडा त्याच्या कीर्तीला साजेसा होता, गरम आणि लसूण न लपवणारा. फक्त तो हवा असेल तर पडदा पडताच उठावे.

प्रयोग सुटल्यावर मी थोडा वेळ खालीच थांबले. एका नाटकाचे नेपथ्य उतरत होते आणि रात्रीच्या नाटकाचे चढायचे होते. दोघे कामगार एक दार चौकटीसकट उचलून आणत होते. मघाशी याच दारातून सून रागाने निघून गेली होती. त्यांच्या मागून लेव्हल (रंगमंचावर उंची देणारा चौथरा), खिडकी, देवघर असे एकेक करून टेम्पोत गेले. दोन प्रयोगांमधल्या थोड्याशा वेळात एक घर मोडून दुसरे उभे करणाऱ्या या लोकांची नावे जाहिरातीत येत नाहीत. त्यांच्या कामावर मात्र रात्रीची पहिली घंटा अवलंबून असते.

तेथून राम गणेश गडकरी चौकापर्यंत चालत जाऊन आस्वादमध्ये मिसळ खाल्ली. रविवारी संध्याकाळी बाहेर नाव नोंदवून थांबावे लागते, म्हणून दोन प्रयोग जोडणाऱ्याने हा वेळ हिशेबात धरावा. रात्रीचा प्रयोग प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात होता. पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या संकुलातले हे नाट्यगृह नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. मी जाणूनबुजून शेवटच्या रांगांपैकी एकीतले तिकीट घेतले होते. रंगमंच पूर्ण दिसत होता, आणि त्या प्रयोगात कॉलर माईकऐवजी वर टांगलेल्या माईकवर काम चालले असल्यामुळे आवाज नटाच्या दिशेनेच येत होता. शब्दाच्या शेवटी येणारा श्वासही कळत होता. दिग्दर्शकांना विनंती करायची तर मी याच प्रयोगाचा दाखला देईन. आसन निवडताना मधल्या भागातल्या मागच्या रांगा निर्धास्त घ्याव्यात. तिकीट स्वस्त पडते आणि काहीही गमावत नाही. परतीसाठी सिद्धिविनायक मेट्रो स्थानक जवळ आहे, पण मेट्रोची शेवटची गाडी लोकलपेक्षा बरीच लवकर असते. त्यामुळे तीन तासांचे नाटक असेल तर थेट टॅक्सीने दादर गाठणे श्रेयस्कर.