कोकणातल्या जुन्या निगेटिव्ह आणि निकॉनचा ईएस-२ अडॅप्टर

जुन्या निगेटिव्ह-स्लाइडचे डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून त्या संगणकावर आणायच्या, तर निकॉनचा ईएस-२ हा अडॅप्टर कामाला येतो. तो फक्त ३५ मिमीच्या फिल्मसाठी आहे. मॅक्रो लेन्सच्या तोंडावर फिल्टरसारखा फिरवून बसवायचा, होल्डरमध्ये निगेटिव्हची पट्टी किंवा स्लाइड घालायची, मागून उजेड द्यायचा आणि फोटो काढायचा. ज्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत चाळीस-पन्नास रोल पडून आहेत, त्यांनी कॉपी स्टँडच्या (कॅमेरा खाली तोंड करून धरणाऱ्या उभ्या स्टँडच्या) नादी न लागता हाच घ्यावा. चार-पाच रोलच असतील तर मात्र एवढा खर्च करू नये, कुणाकडून तरी उसना आणावा.

कॉपी स्टँडवर कॅमेरा आणि फिल्म एकमेकांना समांतर आणण्यातच अर्धा दिवस जातो. जराशी तिरकी बसली की फोटोचा एक कोपरा धूसर येतो. त्यात जुन्या घराच्या माडीवर काम करत असाल तर कुणी फळ्यांवरून चाललं तरी स्टँड थरथरतो. ईएस-२ मध्ये फिल्म लेन्सलाच जोडलेली असते. हललंच तर दोन्ही एकत्र हलतात, त्यामुळे १/१५ सेकंदालाही फोटो स्वच्छ येतो. शिवाय बाजूचा उजेड फिल्मवर पडत नाही, म्हणून खोलीत अंधार करावा लागत नाही.

खोक्यात पट्टीचा होल्डर एफएच-४ (सहा फ्रेमसाठी), स्लाइडचा होल्डर एफएच-५ (दोन स्लाइडसाठी) आणि ६२ मिमीच्या जोडकड्या येतात. दिवा येत नाही. अडॅप्टरचा स्वतःचा आटा ५२ मिमीचा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याला ६० मिमी मायक्रो आणि डीएक्स (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ४० मिमी मायक्रो ही त्याची ठरलेली जोडी. मॅक्रो लेन्सलाच निकॉन मायक्रो म्हणते. इथेच बहुतेकांची फसगत होते. ६० मिमी लेन्स डीएक्स कॅमेऱ्यावर लावली तर फ्रेमच्या कडा कापल्या जातात. लहान सेन्सरवर पूर्ण फ्रेम मावायला फिल्म लेन्सपासून आणखी लांब हवी, आणि ईएस-२ची नळी तेवढी लांबत नाही. मधे रिकाम्या ५२ मिमी कड्या जोडून अंतर वाढवता येतं, पण नळी जितकी लांब तितकी पुढे झुकते. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर ज्या संचात वेगवेगळ्या मापांच्या कड्या येतात असा संच बघावा.

दिव्याच्या बाबतीत काटकसर करू नये. ९५ किंवा त्याहून जास्त सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेलं एलईडी पॅनल घ्यावं आणि अडॅप्टरच्या दुधी पडद्यापासून वीतभर मागे ठेवावं. साधा बल्ब किंवा मोबाइलचा पडदा वापरला तर रंगीत निगेटिव्हचे रंग नंतर कितीही ओढाताण केली तरी जुळत नाहीत. लुकलुकणाऱ्या एलईडीसमोर इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून मेकॅनिकल शटर आणि १/६० पेक्षा हळू वेग ठेवावा. पडवीत बसून आभाळाच्या उजेडावर काम करण्याचा मोह होतो, पण ढग सरकला की एक्स्पोजर बदलतं आणि एकाच पट्टीतल्या सहा फ्रेम सहा तऱ्हेच्या येतात. वीज वारंवार जात असेल तर पॉवर बँकवर चालणारं पॅनल, नाहीतर सरळ फ्लॅश. पांढऱ्या थर्मोकोलवर मारलेला फ्लॅश १/१६ ताकदीवर अगदी एकसारखा उजेड देतो.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची फाइल), दोन सेकंदांचा टायमर. फोकस लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) मोठा करून फिल्मच्या दाण्यांवर करायचा, चेहऱ्यावर नाही. मूळ फोटोच हललेला असेल तर चेहरा कधीच धारदार दिसणार नाही, दाणे मात्र दिसतील. नळीचा स्क्रू घट्ट करा आणि दर पट्टीनंतर फोकस पुन्हा तपासा. रंगीत निगेटिव्हसाठी हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजवीकडे, म्हणजे उजेडाकडे न्या, पण दोन फ्रेममधली मोकळी नारिंगी पट्टी करपू देऊ नका. होल्डर अर्धं घर सरकवून त्या मोकळ्या पट्टीचा एक फोटो आवर्जून काढा. त्यावरून व्हाइट बॅलन्स घेतला की नारिंगी छटेचं निम्मं काम संपतं. स्लाइडला उलटा नियम: उजळ भाग करपला तर परत मिळत नाही, म्हणून एक्स्पोजर जरा कमीच.

निकॉनच्या डी८५० मध्ये निगेटिव्ह कॅमेऱ्यातच उलटवून देण्याची सोय आहे. ती फक्त जेपीईजी देते, म्हणून घरच्यांना लगेच दाखवण्यापुरती ठीक. जपून ठेवण्यासाठी रॉ काढून डार्कटेबलच्या निगाडॉक्टरमध्ये उलटवावं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कृष्णधवल निगेटिव्हला, मग ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू असो की परदेशी, नुसती कर्व्ह उलटी केली तरी पुरते. तपशील किती मिळतो? २४ मेगापिक्सेलचा सेन्सर ३६ मिमी रुंदीवर ६००० पिक्सेल देतो, म्हणजे इंचाला सुमारे ४२००. घरगुती कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये याहून जास्त क्वचितच काही दडलेलं असतं.

पट्टी कुठल्या बाजूने घालायची? फिल्मच्या कडेची अक्षरं लेन्सच्या बाजूने सुलट वाचता आली की चित्रही सुलट. डावा हात उजवा झालेली लग्नाची छायाचित्रं नातेवाईक लगेच ओळखतात.

आता बुरशी. कोकणात याच्यावाचून सुटका नाही. ओलसर हवेत फिल्मवरचं जिलेटिन फुगतं आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. अशी फिल्म पाण्यात घालू नका. बुरशीमुळे जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं होतं आणि पाण्याबरोबर चित्रच निघून जातं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसावं, आधी चकचकीत बाजू. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालत नाही, कारण उरलेलं पाणीच असतं. साधी धूळ रबरी ब्लोअरने उडवावी, तोंडाने फुंकू नये. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ पुसण्याची सोय असते, कॅमेऱ्यात नाही. म्हणून इथे ब्लोअरची दोन मिनिटं वाचवलीत तर संगणकावर तासभर डाग पुसत बसावं लागतं.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर त्या पट्ट्या लगेच वेगळ्या काढा आणि सगळ्यांत आधी त्यांचेच फोटो घ्या. अॅसिटेटचा (फिल्म ज्या प्लास्टिकची असते त्याचा) तो ऱ्हास थांबत नाही आणि वाफेने शेजारच्या पट्ट्यांनाही लागतो. आकसलेली, मुरडलेली पट्टी एफएच-४ मध्ये नीट बसत नाही, ही या अडॅप्टरची खरी मर्यादा. दुसरी म्हणजे काचेच्या चौकटीतल्या जाड स्लाइड त्यात जात नाहीत. तिसरी, १२० फिल्म (३५ मिमीपेक्षा रुंद रोल) यात अजिबात चालत नाही. अॅग्फा क्लिक थ्रीच्या ६ × ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्ह बऱ्याच घरांत निघतात. त्यांच्यासाठी लाइट पॅनल आणि कॉपी स्टँडच लागतो.

काम जानेवारी ते मे या महिन्यांत उरका. एसीच्या खोलीतून आणलेला कॅमेरा पिशवीतून लगेच काढू नका, लेन्सवर आणि फिल्मवर दव धरतं. झालेल्या पट्ट्या पॉलिप्रोपिलिनच्या पाकिटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून घ्या. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं फिल्मला चिकटतात. ईएस-२ही याच डब्यात राहू दे, दुधी पडद्यावर बुरशीचा ठिपका पडला तर तो प्रत्येक फ्रेममध्ये उमटतो.

फाइल दोन हार्ड डिस्कवर हव्यात, आणि त्यांतली एक घरात नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घराघरांत शिरलं. अशा वेळी मूळ निगेटिव्ह आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर तिन्ही एकदमच जातात. गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी परत निघताना दुसरी डिस्क त्यांच्या सामानात द्यावी, आणि पुढच्या वर्षी तीच परत मागवून नवे रोल भरून पुन्हा पाठवावी.